शेऱ्यापुरती जागा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीतली, शाळेतली किंवा हाउसिंग सोसायटीतली नोंदवही उघडा. डावीकडे अनुक्रमांक असतो आणि उजवीकडे, कागद संपता संपता, ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. मधल्या रकान्यांत नाव, पत्ता, तारीख, रक्कम असा सभ्य मजकूर बसतो आणि खरी हकिकत शेऱ्यात जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिलेली असते, पण मुलगा मध्येच शाळा सोडून का गेला हे कळलंच तर शेऱ्यात कळतं. आवक-जावकच्या वहीत पत्र आल्याची तारीख असते. ते पत्र तीन महिने कोणाच्या टेबलावर विश्रांती घेत होतं याचा सुगावा शेऱ्यातच लागतो. गाव नमुना बारासारख्या पिकांच्या हिशेबातही शेवटचा मान शेऱ्यालाच आहे. इतका महत्त्वाचा रकाना, आणि रुंदी मात्र उरलेल्या कागदाएवढी. हा आखणाऱ्याचा हलगर्जीपणा आहे असं मला वाटत नाही. कारकुनाला ऐसपैस जागा दिली की तो ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून सुरुवात करतो आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’पर्यंत थांबत नाही, मधे काय झालं ते मधेच राहतं. जागा दीड इंचाची असली की ‘वडील भेटले. फी सोमवारी.’ एवढ्यावर भागतं, आणि वाचणाऱ्याला सगळं समजतं.

हेच तत्त्व संगणकाच्या जमान्यात काही वर्षं अगदी कसोशीनं पाळलं गेलं, तेही अशा लोकांकडून ज्यांनी आपली नोंदवही कधी पाहिलीही नसेल. डीबेस थ्री प्लस हा तो प्रोग्राम. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या पूर्वार्धात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही त्रयी शिकवली जायची. त्यांतलं डीबेस नोंदी ठेवण्यासाठी होतं. आता नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामातही कधीतरी सलग मजकूर लिहावा लागतोच, म्हणून त्याच्या पोटात एक छोटासा टेक्स्ट एडिटर होता. तो एडिटर वाईट होता यावर त्या काळी वापरणाऱ्यांत दुमत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यानं वाईट असणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्यानं चोख केलं.

आधी घराणं पाहू, म्हणजे स्वभाव कळेल. अमेरिकेत पॅसाडीनाला जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. व्हायकिंग यानं मंगळावर उतरवण्याच्या कामात असलेल्या वेन रॅटलिफ या अभियंत्याला तिथे फुटबॉलच्या पैजेत जिंकायची इच्छा झाली. संघांचे आकडे वर्तमानपत्रांतून काढून हातानं जुळवण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यानं घरच्या संगणकासाठी नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला. कल्पना प्रयोगशाळेतल्याच एका जुन्या, मोठ्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामावरून घेतली आणि नाव दिलं व्हल्कन. पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो विकायला घेतला आणि त्याचं बारसं ‘डीबेस टू’ असं केलं. डीबेस वन कधी नव्हताच. पण पहिलीच आवृत्ती दुसरी म्हणून विकली की माल मुरलेला वाटतो. कंपनीचं नाव ठेवलं ॲश्टन-टेट, आणि त्यात ॲश्टन नावाचा कोणी भागीदारही नव्हता. म्हणजे मंगळाची वाट पाहणाऱ्या माणसानं पैजेसाठी लिहिलेला, नसलेल्या भागीदाराच्या नावानं विकला गेलेला आणि नसलेल्या आवृत्तीनंतरचा असा हा प्रोग्राम. आणि त्याच्यावर जबाबदारी आली ती जगभरच्या कचेऱ्यांना अचूक नोंदी शिकवण्याची. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला यात वावगं काही वाटणार नाही.

अशा मुळातून आलेल्या प्रोग्रामाला आकड्यांचं प्रेम असणार आणि वाक्यांचा संशय असणार हे ओघानंच आलं. डीबेस थ्री प्लसमध्ये नवी फाइल करायची म्हणजे आधी रकाने आखायचे. रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवायचं आणि मग प्रकार सांगायचा. प्रकार पाच: अक्षरं, आकडे, तारीख, हो-नाही आणि मेमो. अक्षरांचा रकाना जास्तीत जास्त २५४ अक्षरांचा. तारखेला आठ जागा, हो-नाहीला एक. हे सगळं आखणाऱ्यानं आधीच ठरवायचं आणि भरणाऱ्यानं निमूट पाळायचं. पत्त्याला चाळीस अक्षरं दिली असतील तर ‘मारुतीच्या देवळामागे’ राहणाऱ्यानं देवळापर्यंतच राहायचं. पाचवा प्रकार, मेमो, हा आपला शेरा. डीबेस टूमध्ये तो नव्हताच, १९८४ सालच्या डीबेस थ्रीमध्ये आला. त्यालाही घरात घेतलं नव्हतं. मुख्य फाइलमध्ये मेमोला फक्त दहा जागा, आणि त्यांत मजकूर नसून एक क्रमांक. खरा मजकूर डीबीटी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत साठवलेला. पडद्यावर नोंद उघडली की नाव, गाव, पगार लखलखीत दिसे आणि शेऱ्याच्या जागी नुसता ‘मेमो’ हा शब्द. आत काही लिहिलेलं असो वा नसो, शब्द तोच. ठरावीक माणसाबद्दल कोणी काही लिहून ठेवलंय का, हे आत डोकावल्याशिवाय कळत नसे. गोपनीय अहवालाची इतकी सभ्य व्यवस्था कागदावर कधी जमली नाही.

डोकवायचं तर कर्सर त्या शब्दावर न्यायचा आणि कंट्रोल-पेजडाउन दाबायचं. मग नोंद नाहीशी होऊन जवळपास रिकामा पडदा समोर येई, आणि त्यावर एडिटर. त्याची पहिली खोड म्हणजे तो सुरुवातीला घुसवत नसे, खोडून लिहीत असे. जुन्या मजकुराच्या मधे कर्सर नेऊन टाइप करायला लागलं की नवी अक्षरं जुन्यांच्या शेजारी न बसता त्यांच्या जागेवरच बसत. गर्दीच्या लोकलमध्ये चढणाऱ्यानं आधी बसलेल्याला खिडकीतून बाहेर टाकून सीट पकडावी तसं. इन्सर्टचं बटण दाबलं की हे थांबे, पण ते आठवेपर्यंत बरंच काही खिडकीबाहेर गेलेलं असे. मराठीत याची गंमत आणखी वाढे. पुण्याच्या सी-डॅकनं प्रसारात आणलेलं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डीबेससारख्या प्रोग्रामातही देवनागरी उमटायची, आणि प्रोग्रामाला त्याचा पत्ताही लागत नसे. त्याच्या दृष्टीनं ते नुसते संकेतांक. स्वराचं चिन्ह, अनुस्वार, हलंत, सगळे वेगवेगळे संकेतांक. आता साहेबांचं मत बदललं आहे आणि ‘अर्ज मंजूर करावा’ या शेऱ्यात ‘ना’ घालायचा आहे असं समजा. कर्सर ‘मंजूर’वर नेला आणि ‘ना’ टाइप केला. न आणि काना मिळून दोन संकेतांक, म आणि अनुस्वार मिळूनही दोनच. ते दोन गेले, हे दोन बसले. शेरा तयार झाला: ‘अर्ज नाजूर करावा’. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही, अशी ही प्रशासनाला फार वर्षांपासून हवी असलेली तिसरी अवस्था एडिटरनं एका झटक्यात मिळवून दिली. आणि केलेलं मागे घ्यायची सोय त्यात नव्हती. मूळ शब्द परत हवा असेल तर सगळं टाकून देऊन बाहेर पडायचं आणि पुन्हा यायचं.

कळांचं शास्त्र तर असं की आजच्या माणसाला त्या एडिटरसमोर बसवलं तर पाच मिनिटांत तो हात वर करील. बाणांच्या कळा सगळ्या कीबोर्डांवर नव्हत्या त्या काळातली वर्डस्टारची रीत डीबेसनं उचलली होती: ई, एस, डी आणि एक्स ही चार अक्षरं कीबोर्डवर चौकटीच्या चार टोकांना आहेत, म्हणून कंट्रोलसकट ती वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली नेत. तेव्हा आज सवयीनं मजकूर जपण्यासाठी कोणी कंट्रोल-एस दाबलं की कर्सर एक घर डावीकडे जाई. काळजीवाहू माणसं हे बटण तीनदा दाबतात. ती तीन घरं डावीकडे जात आणि तिथून पुढे जुन्या मजकुरावर लिहू लागत. एखादं वाक्य कापून दुसरीकडे चिकटवावं म्हणून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही असं ओळीनं दाबलं तर कर्सर एक ओळ उतरे, मग एक पान पुढे जाई आणि शेवटी इन्सर्टचं बटण पालथं होई. वाक्य जिथल्या तिथे, लिहिणारा मात्र भलतीकडे. कंट्रोल-वायनं आज गेलेली गोष्ट परत येते. तिथे असलेली ओळ जाई. आणि मजकूर खरोखर जपायचा तर कंट्रोल-डब्ल्यू, जे आज ब्राउझरमध्ये दाबलं की समोरचं पान बंद होतं. जपून ठेवणं आणि बंद करणं ही त्या एडिटरच्या लेखी एकच क्रिया होती. लिहिलंत, ठेवलंत, आता निघा. मधल्या मधे ठेवून पुढे लिहीत बसण्याची चैन मंजूर नव्हती, नामंजूर होती किंवा फार तर नाजूर.

एवढा छळ सोसून कोण किती लिहिणार? हाच माझा मुद्दा. ज्या माणसाला ‘सदर इसम वारंवार सूचना देऊनही’ असं रेटून दोन पानं लिहायची सवय, तो या पडद्यासमोर ‘दोनदा सांगितलं. ऐकत नाही.’ इतकं लिहून कंट्रोल-डब्ल्यू दाबून मोकळा होई. दुरुस्ती अवघड म्हणून आधी विचार. हलवाहलव अशक्य म्हणून सरळ क्रम. ठेवणं म्हणजेच निघणं म्हणून वेळेत शेवट. निबंधलेखनाच्या तासाला मास्तर जे जन्मभर सांगत आले आणि कोणी ऐकलं नाही, ते कीबोर्डनं करून घेतलं. ठळक अक्षर नाही, तिरपं अक्षर नाही, रंग नाही. अधोरेखित करता येत नसल्यामुळे महत्त्वाची गोष्ट आधी लिहिण्यावाचून इलाज नव्हता.

यावर पहिला आक्षेप जाणकारच घेतील: यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, होतं ते दारिद्र्य. डीबेस थ्री प्लस २५६ किलोबाइट मेमरीतही चालवावा लागे, फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावत, त्यात एडिटरच्या वाट्याला उष्टं-खरकटं येणार. मर्यादाही ठरलेली, सुमारे पाच हजार अक्षरं. बनवणाऱ्यांना जमलं असतं तर त्यांनी उत्तम एडिटर दिला असता. हे सगळं खरं आहे आणि माझ्या मुद्द्याला त्यानं धक्का लागत नाही. नोंदवहीतला शेऱ्याचा रकानाही कागद संपल्यामुळेच अरुंद असतो; गुण कुठून आला हे विचारून तो काढून घ्यायचा नसतो. शिवाय पाच हजार अक्षरं म्हणजे काही कंजुषी नव्हे. फुलस्केपची दोन-अडीच पानं होतात, आणि शेऱ्यात दोन पानं मावत असतील तर तो शेरा नसून कैफियत असते. म्हणजे लिहिणाऱ्याला थांबवत होती ती मर्यादा नव्हे, तिथवर पोचण्याचा त्रास. मराठीपुरतं पाहिलं तर मर्यादाही जरा अलीकडे येई. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द बोलायला पाच अक्षरांचा, पण संकेतांक मोजले तर बारा: त्यात दोन हलंत, एक उकार आणि दोन काने. मुख्याध्यापकांविषयी इंग्रजीत जेवढं वाईट लिहिता येईल तेवढं मराठीत लिहिता येत नसे. हा भाषेवरचा अन्याय आहे असं कोणी म्हणेल. पदनामांनीच अर्धी ओळ खाणाऱ्या आपल्या कार्यालयीन मराठीला याहून योग्य पथ्य कोणतं होतं ते त्यानं सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. डीबेस थ्री प्लसमध्ये मेमोत शोध घेता येत नसे. पगार अमुकपेक्षा जास्त असलेले, अमुक गावचे, अमुक तारखेनंतर रुजू झालेले असे लोक एका ओळीच्या आज्ञेनं निघत. पण ज्यांच्या शेऱ्यात ‘थकबाकी’ हा शब्द आहे ते काढा म्हटलं तर प्रोग्राम सरळ हात झटके. मेमोवर क्रमही लावता येत नसे, अनुक्रमणिकाही नाही. मग लिहून उपयोग काय? या प्रश्नाचं उत्तर देताना त्या काळच्या प्रोग्रामरांची एक सवय ध्यानात घ्यायला हवी. एकच गोष्ट दहा शेऱ्यांत लिहिली जातेय असं दिसलं की त्यांना कळे की ही शेऱ्याची गोष्ट उरलेली नाही, हिला स्वतंत्र रकाना हवा. ‘थकबाकी आहे’ हे वारंवार लिहिण्यापेक्षा हो-नाहीचा एक अक्षरी रकाना आखा, म्हणजे शोधही घेता येईल आणि बेरीजही होईल. म्हणजे मेमोची आंधळी कोठडी होती म्हणूनच कोणती गोष्ट वारंवार घडते आणि कोणती एकदाच, याचा निवाडा कोणाला तरी करावा लागे. जे मोजायचं ते रकान्यात, जे सांगायचं ते शेऱ्यात. शोधाची सोय झाली की हा निवाडा टळतो: सगळं एकाच मोठ्या चौकटीत ओता, शोध नंतर घेऊ. आणि मग एकानं ‘थकबाकी’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं ‘बाकी’, तिसऱ्यानं ‘पैसे यायचेत’, चौथ्यानं ‘थकबाकि’, आणि शोध घेणाऱ्याला वाटतं की सोसायटीत एकच माणूस देणं लागतो.

मजकूर हरवायचा, हा तिसरा आक्षेप. त्यापुढे मात्र मी फार ताणणार नाही. मुख्य फाइल एका फ्लॉपीवर नकलून घेतली आणि तिची डीबीटी भावंड मागेच राहिली, हा प्रकार सर्रास होई. नुसती मुख्य फाइल उघडू गेलं की प्रोग्राम डीबीटीशिवाय दार उघडायलाच नकार देई. म्हणजे शेरे विसरले तर नावंही मिळणार नाहीत. हे जाचक होतं. त्याहून वाईट म्हणजे कोणी शहाणा जुन्या बॅकअपमधली डीबीटी आणून नव्या मुख्य फाइलशेजारी ठेवी. मुख्य फाइलमध्ये फक्त क्रमांक असतो हे वर आलंच; क्रमांक नवे आणि ठोकळे जुने, मग एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावावर लागायला कितीसा वेळ? पंचवीस वर्षं वेळेवर येणाऱ्या शिपायाच्या नावे ‘वर्गात झोपतो’ निघालं तर त्याचा खुलासा कोणत्या रकान्यात करायचा? हा दोष एडिटरचा नाही, साठवणुकीचा आहे, असं म्हणून सुटता येईल. पण भोगणाऱ्याला हा भेद कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही करू नये.

उलट बाजूचा पुरावा मात्र त्या प्रोग्रामातच मौजूद होता, आणि माझ्या मते खटला तिथेच निकालात निघतो. डीबेसच्या सोबत कॉन्फिग नावाची एक फाइल असे. तिच्यात एक ओळ लिहिली की मेमोसाठी आतला एडिटर न उघडता आपल्या पसंतीचा बाहेरचा वर्ड प्रोसेसर उघडायचा. बऱ्याच ठिकाणी तिथे वर्डस्टारची वर्णी लागली. आता मेमोत वाक्यं कापता येऊ लागली, हलवता येऊ लागली, परिच्छेद नीट जुळवता येऊ लागले, आणि पाच हजारांचं कुंपणही राहिलं नाही. सोय झाली तसा शेरा फुगला. ‘दोनदा सांगितलं’चं ‘दिनांक अमुक रोजी तोंडी व दिनांक तमुक रोजी लेखी’ झालं. मग एखाद्या दिवशी तीच फाइल दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावर उघडली जाई, जिथे ती जादूची ओळ नसे. तिथला साधा एडिटर पाच हजारांपर्यंत पोचला की पुढचं त्याला पेलत नसे, आणि तशात जपून ठेवलं की शेपूट तुटे. आता गंमत पाहा. कार्यालयीन मजकुराची शेपूट म्हणजे निर्णय. सुरुवातीला संदर्भ, मधे पार्श्वभूमी, आणि ‘सबब’नंतर जे काय ते. तुटायचा तो नेमका ‘सबब’नंतरचा भाग. संदर्भ आणि पार्श्वभूमी ठणठणीत राहिली. ज्यानं आतल्या एडिटरच्या जाचात ‘फी सोमवारी’ लिहिलं होतं त्याचं एक अक्षरही गेलं नाही.

पुढे १९८८ मध्ये डीबेस फोर आला आणि एडिटर सुधारला. मेमोत शोध घेता येऊ लागला. आत मजकूर असेल तर ‘मेमो’ हा शब्द मोठ्या लिपीत दिसे आणि नसेल तर छोट्या, म्हणजे डोकावण्याचंही कारण उरलं नाही. ती आवृत्ती चुकांसाठी गाजली, गिऱ्हाईक फिरलं, आणि १९९१ मध्ये ॲश्टन-टेट बोरलँडच्या ताब्यात गेली. एडिटर सुधारल्यामुळे कंपनी बुडाली असा दावा मी करत नाही. नुसता क्रम सांगतो आहे.

आजच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामांत शेऱ्याची चौकट उघडली की वर पट्टीच येते: ठळक, तिरपं, बुलेट, रंग, दुवा, चित्र, हसरा चेहरा. लिहायची सोय एवढी झाली की लिहिणं थांबलं, आता चिकटवतात. व्हॉट्सॲपवरून आलेला आख्खा संवाद, त्यातल्या सुप्रभातासकट, शेऱ्यात येऊन पडतो. दुसरीकडे, ज्याला काहीच लिहायचं नाही तो ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून पाच पानांची स्कॅन केलेली फाइल अडकवून देतो, आणि त्या पाच पानांच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, कोणीतरी हातानं, पेनानं, दीड इंचात लिहिलेलं असतं: ‘बोललो. हो म्हणाले.’ सगळ्या यंत्रणेतलं कामाचं वाक्य तेवढंच, आणि ते कोणत्याही शोधात सापडत नाही. म्हणजे आंधळी कोठडी परत आलीच. फरक एवढाच की डीबेसच्या काळी तिच्यात जायला एक कळ पुरत होती.

आता त्या जुन्या एडिटरचा एक गुण किंवा दुर्गुण सांगायचा राहिला, जो मला त्याच्या बाजूनं वापरावा की विरुद्ध ते नीट ठरवता येत नाही. डीबेसमध्ये नोंद काढून टाकायची पद्धत दोन टप्प्यांची होती. डिलीट म्हटलं की नोंदीपुढे नुसती चांदणी पडे. माणूस जागच्या जागी, आणि साहेबांचं मन बदललं तर रिकॉल म्हणून चांदणी पुसता येई. मग पॅक म्हटलं की चांदणीवाले कायमचे जात: नाव, जन्मतारीख, पगार, पत्ता, सगळं. पण पॅक डीबीटीला हात लावत नसे. त्यामुळे माणूस गेला तरी शेरा राही. शेरा लांबवला आणि तो जुन्या ठोकळ्यांत मावला नाही तर नवा मजकूर फाइलच्या शेवटी जाई आणि जुना होता तिथेच पडून राही, म्हणजे एकाच माणसाविषयी बदलत गेलेली मतंही थरांनी साठत. फाइल जशीच्या तशी, बाइटनं बाइट दाखवणाऱ्या एखाद्या साधनात ती उघडली की सगळं बाहेर येई. आपोआप मोडलेल्या ओळींच्या शेवटी १४१ क्रमांकाचं चिन्ह, डोक्यावर तिरपी रेघ असलेला एक रोमन ‘आय’, आणि अधेमधे ‘वारंवार उशिरा येतो’, ‘वारंवार उशिरा येतो, समज दिली’, ‘आता वेळेवर येतो’. कोण, ते मात्र कुठेच नाही. याला उपाय होता: कॉपी टू ही आज्ञा देऊन सगळी फाइल नव्या नावानं नकलून घ्यायची, म्हणजे मालक नसलेले शेरे मागे राहत. हे दर सहा महिन्यांनी कोणीतरी करायला हवं असे, आणि ते विसरू नये म्हणून कुठेतरी लिहून ठेवायला हवं असे. त्यासाठी कर्सर ‘मेमो’ या शब्दावर नेऊन कंट्रोल-पेजडाउन दाबायचं.